विहीणबाईंबरोबर माचीवर

माचीला खरं तर चौघं जाणार होतो. मी, माझा मुलगा सौमित्र, सून प्राची आणि प्राचीची आई. बेत मुलांचाच होता. मुरबाडच्या पलीकडे डोंगराच्या खांद्यावर एक लहानसं गाव आहे, त्याला सगळे नुसतं माची म्हणतात. तिथे एका घरी उतरायचं, डोंगर चढायचा, चुलीवरचं जेवायचं आणि माघातली गावची जत्रा बघून परत यायचं. पण प्राचीला पाचवा महिना लागला होता आणि डॉक्टरीणबाईंनी जीपचे धक्के नकोत म्हणून बजावलं. प्राची राहिली म्हणून सौमित्र राहिला. उरलो आम्ही दोघी विहिणी.

ज्यांना विहीण नसेल त्यांच्यासाठी सांगते. विहीण म्हणजे अशी नातेवाईक, जिच्याशी भांडता येत नाही आणि गप्पाही मारता येत नाहीत. मुलांच्या लग्नापासून वनिताबाई आणि मी सणासुदीला भेटत होतो, एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करत होतो, साड्यांचं कौतुक करत होतो. पण दोघीच कुठे बसलो आहोत असं कधी झालं नव्हतं. त्या बाळकुमच्या, जुन्या गावठाणातल्या. मी ठाकुर्लीची. मधलं अंतर लोकलने फार नाही, पण आम्ही ते फक्त नारळ आणि ब्लाउजपीस घेऊनच ओलांडत होतो.

त्यात निघायच्या आठवड्यात सौमित्र मला म्हणाला होता, "आई, आम्ही बाळकुमला घर बघतोय." मी म्हटलं, "छान." भूगोलाच्या वह्या तपासताना हा शब्द मी इतकी वर्षं लिहिला आहे की तो माझ्या हातून आपोआप सुटतो. मनात मात्र दुसरंच चाललं होतं. नातवंड येणार आणि मुलगा सासूच्या दारात राहायला जाणार. हे सगळं घडवून कोणी आणलं असेल, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

मग बेत रद्द का केला नाही? कारण मी नाही म्हटलं असतं तर विहीणबाईंना वाटलं असतं, हिला आपल्याबरोबर यायचं नाही. नंतर कळलं की त्यांनीही नेमका हाच विचार करून होकार दिला होता. माझे यजमान म्हणाले, "तू जा. मी इथे शांतपणे काळजी करत बसतो."

कल्याणचा स्टँड

वनिताबाई माझ्या आधी येऊन थांबल्या होत्या. गळ्यात जाड मंगळसूत्र, पायात नव्या कोऱ्या सपाता आणि शेजारी एक पिशवी, जिच्यात एखादं लहान घर मावलं असतं.

"या विहीणबाई. बऱ्या आहात?"

"मी बरी. तुम्ही?"

"आम्ही पण बऱ्या."

इथे आमचं नेहमीचं संभाषण संपलं आणि गाडी सुटायला अजून बराच वेळ होता.

गाडीत बसल्यावर पिशवीतल्या मुद्देमालाचा अंदाज आला. सुके बोंबील. मी शाकाहारी आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून बिचाऱ्यांनी ते वर्तमानपत्रात, मग प्लास्टिकमध्ये, मग जुन्या टॉवेलात गुंडाळले होते.

"वास येतोय का हो?"

"छे, अजिबात नाही."

पुढच्या सीटवरच्या माणसाने वळून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत माझ्या खोटेपणाबद्दल आदर होता.

चढ

मुरबाडहून दुसरी गाडी, मग जीप. जीपवाल्याने डोंगराच्या पायथ्याशी आम्हाला उतरवलं आणि वर बोट दाखवलं. रस्ता अर्धाच झालेला आहे, पुढे पायवाट. आम्ही ज्यांच्या घरी उतरणार होतो ते काळूराम न्यायला आले होते. त्यांनी वनिताबाईंची पिशवी उचलली, वास घेतला आणि खूश होऊन डोक्यावर ठेवली.

मी रोज सकाळी बागेत फेऱ्या मारते, त्यामुळे मला चढाची भीती नव्हती. सह्याद्री तर मी फळ्यावर रंगीत खडूने इतक्यांदा काढला आहे की माझी त्याच्याशी जुनी ओळख होती. प्रत्यक्षात तो फळ्यावरच्यापेक्षा बराच उभा निघाला, पण जमत होतं. वाटेत कारवीची वाळकी रानं, मध्येच एखादा फुललेला पांगारा, खाली शेतांचे चौकोन. एका ठिकाणी वाट कातळात कोरलेल्या पायऱ्यांवरून जाते आणि उजव्या हाताला दरी उघडते. मी पायऱ्या चढून वर पोचले, मागे वळून बघते तर वनिताबाई पहिल्याच पायरीवर मांडी घालून बसलेल्या.

"काय झालं?"

"काय नाय. मी बसते इथं. तुम्ही जत्रा बघून या."

"अहो, जत्रा परवा आहे."

"असू दे. जागा बरी आहे."

चेहरा पांढराफटक पडला होता. आपल्याला उंचीची इतकी भीती वाटते हे त्यांना स्वतःलाच नुकतं कळलं होतं. खाडीकाठच्या सपाट गावात जन्म गेलेला, कळणार कधी? मी खाली उतरले आणि शाळेतला आवाज काढला. "उठा. दरीकडे बघायचं नाही. फक्त माझ्या टाचांकडे बघायचं आणि माझ्यामागे यायचं."

त्या उठल्या आणि माझ्या टाचांकडे बघत चढू लागल्या. जरा वेळाने मागून आवाज आला, "टाचा लय फुटल्यात तुमच्या."

"हो का?"

"डावी जास्त. कोकमाचं तूप लावत जा. आणि चप्पल बदला, अंगठ्याकडनं झिजलेय."

पायऱ्या संपेपर्यंत माझ्या पायांची अशी सविस्तर पाहणी चालू होती. भीती घालवायला त्यांना दुसरं काही सापडलं नव्हतं आणि मला थांबवायचा धीर झाला नाही. वर पोचल्यावर त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाल्या, "आता उतरताना तुम्ही मागं राहा. मी तुमच्या टाचा पाठ केल्यात."

विहिणी आल्या

माची म्हणजे कड्याच्या पोटातला एक सपाट पट्टा. त्यावर कुडाच्या आणि विटांच्या भिंतींची घरं, सारवलेली अंगणं, कापणी झालेली वरईची शेतं आणि पलीकडे सरळ उभा कातळ. काळूरामांच्या बायकोने, ताराबाईंनी, पायांवर पाणी घातलं, गूळपाणी दिलं आणि विचारलं, "दोघी बहिणी का?"

"नाही, विहिणी," मी म्हटलं.

ताराबाई हातातला तांब्या खाली ठेवून आमच्याकडे बघत राहिल्या. मग अंगणाच्या कडेला जाऊन त्यांनी शेजारणीला हाक मारली. "अगं ये, विहिणी आल्यात. एकमेकींच्या. आपण होऊन आल्यात फिरायला." थोड्या वेळात अंगण भरलं. आम्ही जणू एका पिंजऱ्यात गुण्यागोविंदाने राहणारे दोन वेगळे प्राणी होतो. त्यांच्याकडे विहीण आली की तिला गाण्यात घालून चिडवायची रीत आहे. पण दोघी एकदमच आलेल्या, त्यामुळे कोणाच्या बाजूने कोणाला चिडवायचं यावर बायकांचं एकमत होईना. शेवटी त्यांनी दोघींना चिडवलं. एका गाण्यात माझ्या चष्म्याला पाणी भरायला पाठवलं, दुसऱ्यात विहीणबाईंच्या पिशवीला नवरा शोधला. विहीणबाई इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. लग्नातल्या फोटोंमध्ये आम्ही दोघींनी नुसतेच दात दाखवले आहेत.

जेवायला नाचणीची भाकरी, हुलग्याची पिठी आणि खुरासणीची चटणी. आमच्याकडे चटणी ताटाच्या डाव्या बाजूला चिमूटभर असते. इथे तीच भाजी होती. मी पहिला घास घेतला आणि काही काळ मला ऐकू येणं बंद झालं. विहीणबाईंनी माझ्यापुढे गूळ सरकवला. त्यांचे बोंबील निखाऱ्यावर पडले तेव्हा गावातली मांजरं एकेक करून अंगणात येऊन शिस्तीत बसली. ताराबाईंनी एका हाताने बोंबील आणि दुसऱ्या हाताने मांजरं सांभाळली. मी तोंड फिरवून डोंगर बघत होते. वास, खरं सांगायचं तर, थंडीत तितका वाईट वाटत नव्हता.

डोह

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर ताराबाई धुणं घेऊन ओढ्यावर निघाल्या, आम्हीही मागोमाग गेलो. माघ असल्यामुळे ओढा सुकत आला होता, पण कड्याखाली एका ठिकाणी मोठा डोह आहे. पाणी हिरवंगार आणि तळ दिसेल इतकं स्वच्छ. मी काठावर बसून पाय सोडले. लहान मासे येऊन त्याच त्या प्रसिद्ध टाचा चाखू लागले.

शेजारी काहीतरी धप्पकन पडलं. बघते तर वनिताबाई नाहीत. काठावर मंगळसूत्र, बांगड्या आणि सपाता. डोहाच्या मधोमध त्यांचं डोकं वर आलं, साडीचा काष्टा घातलेला, आणि तोंडातून पाण्याची चूळ उडवत त्या म्हणाल्या, "कवरा थंड हाय."

माझ्याशी त्या नेहमी जपून, पुस्तकी बोलायच्या. हे आगरी बोलणं मी त्यांच्या घरी, दारापलीकडून ऐकलं होतं. काल पायऱ्यांवर त्यातला एखादा शब्द निसटला होता, पण तोंडावर ते असं मोकळं आत्ता पहिल्यांदाच आलं.

त्या डोहाला आडव्या-उभ्या फेऱ्या मारू लागल्या. काल पायरीवर पांढऱ्या पडलेल्या त्या याच बाई. लहानपणी भरतीला खाडीत पोहायचो, म्हणाल्या, बाप मिठागरावर असायचा आणि आम्ही पोरी पाण्यात. मग लग्न झालं, मुलं झाली, खाडीकडच्या वाटेवर इमारती आल्या, पाणी काळं झालं. "आता त्यात पाय पन घालवत नाय."

"या आत," त्या म्हणाल्या.

"मला पोहता येत नाही."

"मना येतं ना. बस झालं."

कमरेइतक्या पाण्यापर्यंत मी कशीबशी गेले. त्यांनी मला उताणं केलं आणि पाठीखाली दोन्ही तळहात धरले. "अंग सोडा."

"सोडलंय."

"नाय सोडलं. लाकूड झालंय. विहीण म्हणून नका येऊ पाण्यात. नुसत्या या."

मी डोळे मिटून अंग सोडलं. कान पाण्याखाली, वर नुसतं आभाळ, पाठीखाली दोन हात. मला जन्मात इतकं हलकं वाटलं नव्हतं. आणि त्या हलकेपणात, आठवडाभर दाताखाली धरलेलं वाक्य निसटलं. "मुलं बाळकुमला घर घेतायत. तुम्हाला माहीत असेलच."

पाठीखालचे हात नाहीसे झाले.

मी तळाशी गेले. नाकातोंडात पाणी गेलं, एक बेडूक जवळून दिसला आणि मग कोणीतरी माझं बखोट धरून मला उभं केलं. मी खोकत होते आणि वनिताबाई मला खांद्याला धरून हलवत विचारत होत्या, "बाळकुमला? कोन बोललं?"

"सौमित्र."

"मना नाय सांगितलं."

"खरंच?"

"पोरीची शपथ. मना कायच माहीत नाय." त्या पाण्यात उभ्या राहून विचार करू लागल्या. मग अगदी स्पष्ट म्हणाल्या, "मना नको."

आता गंमत अशी की त्यांनीच हे घडवलं म्हणून मी आठवडाभर धुमसत होते, आणि त्यांना ते नको आहे म्हटल्यावर मला जास्तच राग आला. "नको म्हणजे? माझा मुलगा तुम्हाला शेजारी नको?"

"जावई सोन्यासारखा हाय हो." त्यांनी ओल्या हाताने माझा हात धरला. "पन ऐका. माझी पोरं वाढवली, जावेची वाढवली. मग मुलांची पोरं आली, ती वाढवली. घरात रांगणारं पोर नाय असं वरीस मना आठवत नाय. धाकटा नातू यंदा शाळेत गेला. आता मी सकाळी घरातलं आवरून ओट्यावर बसते. कायच करत नाय. नुसती बसते. आन प्राचीचं समजलं तवा मी देवाला बोलली, ठाकुर्लीच्या बाई शिकलेल्या हायेत, नुकत्याच रिटायर झाल्यात, हौशी हायेत. त्या घेतील."

ही हौस माझ्या वतीने परस्पर कळवण्यात आली होती. मला नातवंड हवं होतं, फार हवं होतं. पण सकाळी आठपासून संध्याकाळी आठपर्यंत हवं होतं का? हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मला फक्त ते दुसऱ्या कोणाच्या दारात जातंय याचं दुःख झालं होतं.

"मग ती दोघं घर घेतात कोणासाठी?" वनिताबाई म्हणाल्या.

"सौमित्रचं ऑफिस घोडबंदर रोडला आहे. जाण्यायेण्यात जीव जातो म्हणतो."

"म्हंजे तुमच्यासाठी नाय आन माझ्यासाठी पन नाय?"

"दिसत तरी नाही."

आधी त्या हसल्या की मी, आठवत नाही. ताराबाई धुणं आपटायचं थांबवून विचारत होत्या काय झालं, आणि सांगायला जावं तर आवाजच फुटेना. परत येताना ओल्या कपड्यांनी थंडी वाजत होती आणि मी त्यांना सांगत होते की नातवंडाला मी गोष्टी सांगीन, पण लंगोट नाही. त्यांनी त्यावर त्यांच्या अटी घातल्या. वाटभर आमची अशी घासाघीस चालू होती.

लेकी आणि सुना

जत्रेच्या सकाळी माचीवर नुसती वर्दळ. खालच्या वाड्यांतून, दूरच्या गावांतून सासरी गेलेल्या लेकी पोराबाळांसह चढून आल्या होत्या. देवी म्हणजे एका जुन्या जांभळाखाली शेंदूर लावलेला पाषाण. तिच्यापुढे ढोल, सनई, शेव-रेवड्यांची आणि बांगड्यांची दुकानं. पण पालखी निघण्याआधी इथे एक खेळ होतो, तो मी दुसरीकडे कुठे बघितला नाही. कापलेल्या शेतात जाडजूड दोर आणतात. एका टोकाला गावच्या लेकी, दुसऱ्या टोकाला गावच्या सुना. जी बाजू हरेल तिने त्या दिवशी वाढायचं आणि जिंकणारीने बसून जेवायचं. निवाडा द्यायला एक म्हातारी बसते, कारण ती याच गावात जन्मली आणि याच गावात दिली, त्यामुळे तिला दोन्हीकडून ओढता येत नाही.

आम्ही बघायला उभ्या होतो. ताराबाईंनी आमचे दंड धरले. "मुलीची आई लेकींकडं, मुलाची आई सुनांकडं. चला."

पाहुण्या म्हणून आम्हाला सगळ्यांत पुढे उभं केलं, समोरासमोर. चढताना चावतील म्हणून बॅगेत ठेवलेले नवे ट्रेकिंगचे बूट मी त्या दिवशी घातले होते. बाकी सगळ्या अनवाणी. "बूट काढा," ताराबाई मागून म्हणाल्या. "अहो, याची पकड उत्तम आहे," मी म्हटलं. दुकानदाराने मला तसंच सांगितलं होतं.

ढोल वाजला आणि दोर ताठ झाला. इतक्या जवळून, इतक्या निकराने मी विहीणबाईंकडे कधी बघितलं नव्हतं. पदर खोचलेला, ओठ आवळलेले, डोळे माझ्यावर. आम्ही सुना जिंकत होतो. लेकी हळूहळू आमच्याकडे सरकत होत्या आणि मला इतका चेव आला की मी ओरडले, "अगं वनिता, सोड की आता."

"तू सोड," ती ओरडली.

दोघींनाही ते ऐकून धक्का बसला असणार, पण थांबायला वेळ नव्हता. मी जोर लावायला टाच रोवली आणि उत्तम पकडीचा बूट वाळक्या काडावरून सरळ पुढे गेला. मी बसले. माझ्यावर ताराबाई बसल्या, ताराबाईंवर त्यांची जाऊ. सगळ्या सुना एकमेकींवर कोसळत असताना लेकींनी आम्हाला दोरासकट शेतभर ओढत नेलं. हातातून दोर सळसळत गेला तरी मी तो सोडला नाही. वनितानेही नाही. म्हातारीने काठी लेकींकडे दाखवली आणि ढोलवाल्यांनी शेत डोक्यावर घेतलं.

मग आम्ही वाढलं. सोललेले हात हळदीने पिवळे करून मी पंगतीत भाताचं पातेलं घेऊन फिरत होते. सौमित्रच्या लग्नात हीच वनिता ओळीओळीतून फिरत आमच्या माणसांना हात जोडून विचारत होती, काही कमी नाही ना. आम्ही मुलाकडचे, बसून खात होतो. आता ती पाटावर ऐसपैस बसली होती.

"विहीणबाई, भात जरा गार वाटतो."

"आत्ता गरम आणते."

"चटणी वाढा. आणि गूळ? गूळ नाय दिसत."

"चुकलं हो," मी म्हटलं आणि गूळ वाढला. शेजारच्या लेकी हसून लोळत होत्या. वनिताने माझा हात धरून मला शेजारी बसवलं, स्वतःच्या पानातली भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "नियम मोडला तर मोडला. खा."

संध्याकाळी पालखीपुढे ती नाचली. मी तिच्या सपाता धरून कडेने चालले.

परत कल्याण

उतरताना ठरल्याप्रमाणे मी मागे राहिले. पायऱ्यांवर तिने पाठ केलेल्या टाचांचा काही उपयोग झाला नाही. ती बसली आणि घसरत, देवाचं नाव घेत, एकेक पायरी उतरली. जीपमध्ये आम्ही मुलांशी काय बोलायचं, कोणी बोलायचं ते पक्कं केलं. सुरुवात मी करायची, कारण मला वर्गापुढे उभं राहायची सवय.

कल्याणच्या स्टँडबाहेर दोघं गाडी घेऊन आली होती. तोंडावरून दिसत होतं की तीन दिवस काळजीत काढलेत. सौमित्रने माझी बॅग घेतली आणि बूट बघत म्हणाला, "आई, ते घराचं... अजून काही नक्की नाही हं."

"नक्की करा. ऑफिसला जवळ पडतं ना? तेवढं कारण पुरे आहे. आम्ही दोघी येत जाऊ. बोलावलंत तर आणि सोय असली तर."

"कोणाची सोय?"

"आमची."

तो प्राचीकडे बघू लागला. प्राची मात्र आईचा हात उलटा करून बघत होती. मग तिने माझाही हात ओढून घेतला. दोन्ही तळहात सारखेच सोललेले, हळदीने माखलेले.

"आई, हे काय? तुम्ही दोघी भांडलात?"

"तर काय," वनिता म्हणाली. "मी जिंकली." आणि बोंबलांच्या वासाची पिशवी जावयाच्या हातात देऊन ती गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली.